गुरुवारी थांबणारी मोटर

गेल्या वर्षी डिसेंबरमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाच्या बैठकीत, सरांनी एक्केचाळीस क्रमांकाचं संयुग मागे घेतलं. त्याचा परिणाम शोधला त्यांनीच होता. बैठकीला आम्ही चौघे होतो: प्रयोगशाळेचे संचालक, सर, त्यांची सहकारी प्राजक्ता आणि अहवाल लिहिणारा मी. बैठक वीस मिनिटांत संपली. चहा आला तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

प्रयोगशाळा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आहे. एका बाजूला रबराचे पट्टे बनवणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पत्र्याला आकार देणारं प्रेस शॉप. बाहेरच्या कंपन्यांना रसायनं तपासून देणं हे प्रयोगशाळेचं काम. मलेरियाचा विभाग त्यातला सर्वांत लहान होता: तीन खोल्या, सहा माणसं आणि परदेशातला एकच ग्राहक. सर त्या विभागाचे प्रमुख. मी त्याआधी एका दैनिकात उपसंपादक होतो. पुरवणी बंद झाली आणि मी चाकणला आलो. मला घेण्याचं कारण एवढंच, की सर सगळ्या नोंदी मराठीत लिहीत आणि ग्राहकाला त्या इंग्रजीत लागत.

काम काय आहे ते सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मलेरियाचा परजीवी रक्तातल्या लाल पेशीत शिरतो. त्याला पाय नाहीत, शेपटी नाही. तरी तो सरकतो, पेशीला चिकटतो आणि आत घुसतो. हे ज्याच्या जोरावर होतं ते त्याच्या आवरणाखालचं एक प्रथिन. ते शेजारच्या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला पकडतं, ओढतं, सोडतं, पुन्हा पकडतं. सर त्याला मोटर म्हणत आणि परजीवीला गडी. मोटर बंद पाडली तर गडी पेशीच्या बाहेरच मरतो. जुनी औषधं काही देशांत निकामी होत चालली आहेत, म्हणून मारा करायला नवी जागा हवी, आणि ही जागा नवी. अडचण अशी, की त्याच जातीची मोटर माणसाच्या स्नायूंतही असते. हृदयातही असते.

"गड्याची थांबली पाहिजे आणि आपली चालू राहिली पाहिजे," सर म्हणाले. "एवढंच काम आहे. अकरा वर्षं झाली."

सर देहूरोडला राहत. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर होते आणि घरी आल्यावरही यंत्रांबद्दलच बोलत. ते सरांत उतरलं होतं. चाकण चौकात सिग्नलला थांबलेल्या रिक्षाचा आवाज त्यांना खटकला तर ते वाकून सांगत, "पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय." एका रिक्षावाल्याने विचारलं, "मेकॅनिक हाये का राव तुम्ही?"

"हो," सर म्हणाले. "पण फार लहान गाड्यांचा."

मलेरियाच का, असं मी विचारलं होतं. वर्तमानपत्रात असताना अशा प्रश्नाला उत्तर म्हणून एखादा मृत्यू निघायचा. आई, भाऊ, गावातली साथ. सरांकडे तसं काही नव्हतं. "जाहिरात मलेरियाची आली होती," ते म्हणाले. "क्षयाची आली असती तर क्षय केला असता."

त्यांच्या विभागात 'औषध' हा शब्द उच्चारायला बंदी होती. बाटलीत असते ती पावडर. माणसाचा ताप उतरवला की औषध. जो चुकून म्हणेल त्याने सहाही जणांना चहा पाजायचा. प्राजक्ताने पहिल्या महिन्यात चार वेळा पाजला. संचालकांनी एकदा माहितीपत्रक छापायला काढलं, त्यात 'नव्या औषधाच्या उंबरठ्यावर' अशी ओळ होती. सरांनी ती लाल पेनने खोडली आणि समासात लिहिलं, 'सहा चहा'. संचालकांनी पाठवले. ओळ मात्र तशीच छापली.

हृदयाची चाचणी बोकडाच्या हृदयापासून काढलेल्या मोटरवर होई. हृदय सर देहूरोडच्या मटणाच्या दुकानातून स्वतः आणत, बर्फ भरलेल्या स्टीलच्या डब्यात, स्कूटरच्या हँडलला अडकवून. एकदा भांडारातल्या एकाने कँटीनमध्ये आपला समजून तो डबा उघडला.

"सर, हे कच्चंच आणलंय!"

"हो. शिजवलेलं उपयोगाचं नसतं," सर म्हणाले आणि जेवत राहिले.

पहिल्या चाळणीतून कुठलंही संयुग पुढे आलं, की ते परजीवीच्या मोटरवर घालण्याआधी हृदयाच्या मोटरवर घालायचं, हा त्यांचा नियम होता. हृदयाची थांबली तर संयुग बाद, पुढे जायचंच नाही. ग्राहकाच्या पद्धतीत असा क्रम नव्हता. दोन्ही चाचण्या कुठल्याही क्रमाने केल्या तरी चाललं असतं. "आधी हृदयाला विचारा," असं सरांनी खोलीच्या दारावर खडूने लिहिलं होतं. पुसलं गेलं की पुन्हा लिहीत.

चाचणीची रीत अशी होती. काचेवर मोटरी चिकटवायच्या आणि वर चमकणारे धागे सोडायचे. मोटरी चालू असल्या की धागे काचेवर अळ्यांसारखे सरकतात. संयुग घातल्यावर ते किती मंदावतात हे सूक्ष्मदर्शकातून कॅमेऱ्याने टिपायचं. पण शेजारचं प्रेस खाली आलं की आमच्याकडे चित्र हलायचं. मिनिटाला दहादा हलायचं. म्हणून चित्रण गुरुवारी. गुरुवारी वसाहतीची साप्ताहिक सुट्टी असते, प्रेस बंद असतं. बाकीचे सुट्टीवर असताना सर आणि प्राजक्ता येत आणि रविवारी सुट्टी घेत.

गुरुवारीच वीजवाहिन्यांची दुरुस्ती निघते. बहुतेक वेळा दहाच्या सुमारास वीज जाते ती दुपारनंतर येते. प्रयोगशाळेला जनरेटर आहे, त्यामुळे त्याकडे कुणी लक्ष देत नसे.

चित्रणाच्या खोलीत सर अनवाणी जात. खिडक्यांना काळा कागद लावलेला होता. धाग्यांची चमक फार मंद असते, म्हणून दुसरा कुठलाही उजेड त्यांना खपत नसे. काळ्या चिकटपट्टीचं रीळ कायम त्यांच्या खिशात असे आणि दिसेल त्या लहान दिव्यावर ते तिचा तुकडा चिकटवत: एसीवर, स्विचबोर्डावर, संगणकावर. ग्राहकाकडून एक पाहुणे आले होते, त्यांच्या मनगटावरच्या घड्याळालाही त्यांनी पट्टी लावली आणि वर श्वास हळू घ्यायला सांगितलं. पाहुणे बाहेर आल्यावर संचालकांना म्हणाले की अशा माणसाला बैठकीत बोलावत जाऊ नका. संचालकांनी ते सरांना सांगितलं. सरांना बरं वाटलं.

एक्केचाळीस त्या डिसेंबरआधीच्या पावसाळ्यात आलं. पहिली चाचणी रंगाची असते. गड्याची मोटर किती इंधन जाळते ते द्रावणाच्या रंगावरून कळतं. त्यात ते काठावर पास झालं. त्याआधीच्या चाळिसांतलं एकही धाग्यांच्या शेवटच्या चित्रफितीपर्यंत पोहोचलं नव्हतं. बरीचशी रंगातच पडली, उरलेल्यांना हृदयाने अडवलं. एक्केचाळीसने हृदयाला धक्का लावला नाही. मग ते गड्याच्या मोटरवर घातलं. धागे जवळजवळ जागीच राहिले.

त्या दिवशी काही कागद राहिले होते म्हणून मीही आलो होतो. सर खोलीतून बाहेर आले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चहा सांगा. सहा." आम्ही तिघेच होतो, आणि कुणी औषध म्हटलं नव्हतं.

तोच प्रयोग त्यांनी आणखी चार गुरुवारी केला. पाचही वेळा निकाल तोच आला. ग्राहकाने कळवलं की डिसेंबरच्या बैठकीत अहवाल समाधानकारक असेल तर एक्केचाळीस उंदरांवरच्या चाचणीला जाईल. तसं नसेल तर विभागाचं काम मार्चअखेर थांबवण्यात येईल. पत्र दीड पानांचं होतं. सरांनी ते एकदा वाचलं आणि प्राजक्ताला दिलं. तिने ते घडी घालून वहीत ठेवलं.

बैठकीआधीच्या शुक्रवारी मी अहवालाचा शेवटचा तक्ता करत होतो. प्रत्येक चित्रफितीची वेळ ग्राहकाला हवी होती. पाच गुरुवार, दर गुरुवारी तीन फिती. पहिली गड्याच्या मोटरची, संयुगाशिवाय. दुसरी हृदयाची, संयुगासह. तिसरी गड्याची, संयुगासह. पहिल्या दोन्ही नेहमी दहाच्या आतल्या होत्या. तिसरी पाचही वेळा दहानंतरची.

"सर, तिसरी दर वेळी दहानंतरच का?"

"आधी हृदय. मग उरलेलं. वेळ लागतो."

"दहाला वीज जाते."

"जनरेटर आहे की."

"जनरेटरवर काय काय चालतं? खाली टीप द्यायचीय."

सर सांगायला लागले. सूक्ष्मदर्शक. कॅमेरा. संगणक. एसी. फ्रीज. मग ते थांबले. मी लिहायचा थांबलो.

काच ज्या धातूच्या पाटीवर ठेवतात ती तीस अंशांवर गरम ठेवावी लागते. ती थंड पडली तर धागे मंदावतात, संयुग असो वा नसो. पाटी तापवणाऱ्या हीटरचा डबा टेबलाखाली होता.

सरांनी प्राजक्ताला मुख्य वीज बंद करायला सांगितलं. जनरेटर सुरू झाला. संगणक, कॅमेरा, एसी, सगळं चालू होतं. सर गुडघ्यांवर बसून टेबलाखाली गेले. हीटरच्या दिव्यावर काळी पट्टी होती. ती त्यांनी नखाने सोडवली. दिवा बंद होता. हीटरची वायर भिंतीतल्या जुन्या सॉकेटला होती आणि ते सॉकेट जनरेटरवर घेतलेलंच नव्हतं.

"पट्टी मीच लावली," सर टेबलाखालून म्हणाले.

त्यांना बाहेर यायला थोडा वेळ लागला. गुडघे दुखत असावेत.

बैठक सोमवारी होती. त्याआधी हीटर चालू ठेवून तोच प्रयोग करून पाहायचा तर प्रेस बंद हवं होतं, आणि गुरुवार कालच होऊन गेला होता. सर संध्याकाळी प्रेस शॉपमध्ये गेले. मी सोबत होतो. तिथले फोरमन काळूरामभाऊ, खेड तालुक्यातलेच, जमीन वसाहतीत गेलेल्या घरातले. ते सरांना डॉक्टर म्हणत.

"भाऊ, उद्या तासभर प्रेस बंद ठेवता येईल का?"

"तासभर? डॉक्टर, मिनिटाला धा नग पडत्यात हितं. आन् कशापायी?"

"मलेरियाच्या जंतूची मोटर चालते का ते बघायचंय."

"त्येला मोटर असतीया व्हय?"

"असते."

"मंग त्येची चालू हाय का बघाया आमची बंद करायची! ह्ये बरं हाय तुमचं."

मागे उभे असलेले दोघे हसले. सर हसले नाहीत. "माझं चुकलंय का ते बघायचंय," ते म्हणाले. "सोमवारच्या आत."

काळूरामभाऊंनी हातमोजे काढले. "आमच्यात चुकलं तर माल रिजेक्ट हुतो. तुमच्यात काय हुतं?"

"तेच."

"उद्या दीडला पोरं जेवाया बसत्यात. अर्धा तास. धा मिनटं वाढवून देतो. त्याच्या म्होरं न्हाई जमायचं. आन् आमचं सायब आलं तर तुमी बोलायचं, मी न्हाई."

शनिवारी दीड वाजता प्रेस थांबलं. प्राजक्ताने तीन काचा तयार ठेवल्या होत्या. हीटर दुसऱ्या सॉकेटला लावलेला होता आणि त्याचा दिवा उघडा होता. त्या खोलीत तेवढा एकच लाल ठिपका दिसत होता. पहिली काच: गड्याची मोटर, एक्केचाळीससह. धागे सरकत होते.

"मोज," सर म्हणाले.

तिने मोजलं. "सर, संयुगाशिवाय जेवढे पळतात तेवढेच."

दुसरी काच, तोच निकाल. तिसऱ्या काचेवर संयुग घातलंच नाही. हीटर बंद करून पाटी थंड होऊ दिली. धागे जवळजवळ जागीच राहिले. पाच गुरुवारच्या तिसऱ्या फितीत दिसत होतं ते हुबेहूब हेच. दोन वाजून दहा मिनिटांनी प्रेस सुरू झालं आणि पडद्यावरचं चित्र हललं. प्राजक्ता कॅमेरा नीट करायला लागली.

"राहू दे," सर म्हणाले. "बघायचं काही उरलं नाही."

"पण सर, रंगाच्या चाचणीत पास झालंय ना ते?"

"काठावर. काठावर पास झालेल्या डॉक्टरकडून तू ऑपरेशन करून घेशील?"

प्राजक्ताचं नाव त्या अहवालावर सरांच्याही आधी होतं. तसं सरांनीच लावलं होतं. ती हात धुवायला गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

रविवारी सकाळी सर देहूरोडच्या विहारात मुलांना विज्ञान शिकवत. त्या रविवारी संचालक तिथे गेले. पुढचं मला प्राजक्ताने सरांकडून ऐकून सांगितलं; संचालकांनी नंतर त्याला दुजोरा दिला. मुलं बाहेर खेळत होती आणि हे दोघे सतरंजीवर बसले होते.

"शनिवारची नोंद पुढच्या अहवालात घेऊ," संचालक म्हणाले. "खोटं काहीच लिहायचं नाही. फक्त सोमवारी नको. उंदरांवर गेलं की खरं-खोटं तिथे कळेलच."

"कळेल. मला आधीच कळलंय."

"सहा माणसं आहेत सर विभागात."

"मला नावं पाठ आहेत."

"तुम्हाला आता या वयात दुसरीकडे कोण घेणार आहे?"

"तेही पाठ आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी मुलांना आत बोलावलं.

सोमवारच्या बैठकीत सरांनी वहीतली चार वाक्यं वाचली. एक्केचाळीस क्रमांकाच्या संयुगाचा परजीवीच्या मोटरवर परिणाम झाल्याचं आम्ही कळवलं होतं. तो परिणाम संयुगाचा नव्हता, थंडीचा होता. हीटर बंद असल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. संयुग मागे घेत आहे.

"नक्की?" संचालकांनी विचारलं.

"नक्की."

"रंगाच्या चाचणीचं काय?"

"काठावर होतं. काठावरच आहे."

संचालकांनी पेनाचं टोपण लावलं. अहवाल मी दुपारी बारा वाजता पाठवला.

ग्राहकाचं उत्तर आठवड्याने आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि विभाग मार्चअखेर बंद होईल असं कळवलं होतं. उरलेल्या दिवसांत सरांनी दोन कामं केली. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते जुनं सॉकेट जनरेटरवर घेतलं. त्याला लावायला हीटर नव्हता, तो भांडारात जमा झाला होता. आणि झालेल्या चुकीवर एक टिपण करायला मला बसवलं. असे प्रयोग करणाऱ्या इतर प्रयोगशाळांना ते पाठवायचं होतं. टिपण दोन पानांचं आहे, सॉकेटच्या आकृतीसह. मी लिहिलं होतं, 'दिव्यावर पट्टी लावण्यात आली होती.' सरांनी खोडून 'मी लावली' असं केलं. टिपण अकरा ठिकाणी गेलं. दोन ठिकाणांहून पोच आली.

मार्चच्या शेवटच्या दिवशी सर नेहमीच्या वेळी आले आणि नेहमीच्या वेळी गेले. निरोप समारंभ नको, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. काळूरामभाऊ फाटकापर्यंत आले.

"डॉक्टर, आता प्रेस बंद ठेवायची गरज न्हाई म्हना."

"नाही. चालू द्या जोरात."

प्राजक्ताला जूनमध्ये हिंजवडीत काम मिळालं. मला आणि बाकीच्या तिघांना प्रयोगशाळेनेच दुसऱ्या विभागांत घेतलं. सरांनी पाच ठिकाणी मुलाखती दिल्या. चार ठिकाणी त्यांना मागच्या कामातलं मोठं यश विचारलं आणि त्यांनी एक्केचाळीसची हकिकत सांगितली. पाचव्या ठिकाणी ते विचारलं नाही. ती पिंपळे गुरवमधली एक लहान रक्ततपासणी प्रयोगशाळा आहे. तिथे ते सकाळच्या शिफ्टला सूक्ष्मदर्शकावर बसतात आणि तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या स्लाइड पाहतात.

मी जुलैमध्ये भेटायला गेलो होतो. टेबलाशेजारी बाहेरच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत होता. दर स्लाइडनंतर सर डोळे मिटून दहा आकडे मोजत आणि दुसरी घेत. ते बारीक झाले होते.

"कंटाळा येत नाही?" मी विचारलं.

"येतो. इतकी वर्षं आला नव्हता, त्याने काय झालं?"

"गडी दिसतो का इथे?"

"कधीतरी. काचेवर मेलेला असतो. चालताना नाही दिसत."

पुढची स्लाइड त्यांनी लावली. मी आणखी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुनावळ्यातल्या एका बांधकामावरच्या मजुराचं रक्त त्या प्रयोगशाळेत आलं. सरांनी स्लाइड दोनदा पाहिली. मलेरिया होता, त्यातला घातक प्रकार. मजुराला सरकारी रुग्णालयात दाखल केलं आणि सध्या देतात तीच औषधं दिली. तिसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला. सातव्या दिवशी त्याचं रक्त पुन्हा तपासण्यात आलं. परजीवी आढळला नाही. अहवालात 'तपासणारा' या शब्दापुढे सरांची आद्याक्षरं आहेत.